दोन हातांमधली जागा

"हाताकडे बघायचं नाही गं चिमणे. बघितलं की हात लाजतो, आणि लाजलेला हात चुकतो."

बावीस वर्षं झाली या आवाजाला. अजून तो तसाच येतो, मागून, उजव्या खांद्याच्या थोडा वरून, तोंडात धरलेल्या लवंगेच्या वासासकट… आणि अजूनही तिची पाठ आपोआप ताठ होते. फक्त आताशा ती त्या आवाजाचं ऐकत नाही. सकाळी खुर्चीत बसल्यावर, कानांवर हेडफोन चढवायच्या आधी, ती पहिल्यांदा हातांकडेच बघते. चांगली मिनिटभर बघते. चोरानं स्वतःच्याच खिशाकडे बघावं तशी.

हात दोन बाजूंना असतात. कीबोर्डच दोन तुकड्यांचा. डावा तुकडा डाव्या खांद्यासमोर, उजवा उजव्या खांद्यासमोर, आणि दोघांना बांधून ठेवणारी एक बारीक काळी वायर. आतल्या कडा उचललेल्या, बाहेरच्या उतरत्या, लहान मुलानं काढलेल्या घराच्या छपरासारख्या. त्यामुळे तळहात पालथे पडत नाहीत, एकमेकांकडे किंचित वळून राहतात. टाळी द्यायला निघालेले, आणि मधेच कुणी हाक मारली म्हणून थबकलेले. मधे वीतभर जागा. तीन महिन्यांत त्या वीतभर जागेत तिचा सगळा संसार येऊन बसला होता. चहाचा कप, चष्म्याची पेटी, पेन्सिल. आज तिथं एक कागद होता, चार घड्या घातलेला. सकाळीच शिपाई ठेवून गेला होता.

उघडायची गरज नव्हती. तीन प्रश्न होते आणि खाली सहीची रेघ. आधी कुठे व कसे दुखत होते? आता फरक आहे का? कीबोर्ड कायमस्वरूपी हवा आहे का?

पहिल्याच प्रश्नावर सगळं अडलेलं होतं.

समोरच्या टेबलावर आक्का आली. दोन टेबलं तोंडाला तोंड लावून ठेवलेली, मधे संगणकांचे दोन पडदे पाठीला पाठ लावून उभे. त्यामुळे दिवसभर आक्काचं कपाळ तेवढं दिसतं, आणि पांढरा झालेला भांग. पण बावीस वर्षांत कपाळ वाचता येऊ लागतं. आज कपाळावर मधोमध एक उभी रेघ होती. म्हणजे सकाळी हात झटकून झटकूनही जागा झाला नसणार. म्हणजे कुलपाची किल्ली फिरवायला शेजारणीला हाक मारली असणार.

"आलीस?" आक्का पडद्याआडून म्हणाली. "आज परीक्षा ना तुझी? त्या हातांच्या बाई येणार."

"हो. चार वाजता."

"छान सांग. गप्प बसू नकोस नेहमीसारखी."

गप्प. ती हसली, पण ते हसणं पडद्याच्या अलीकडेच राहिलं.

रुग्णालयाच्या या मागच्या खोलीत दोघींचं काम एकच: डॉक्टर बोलतात ते ऐकायचं आणि टाइप करायचं. पायाखाली पेडल, दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. रुग्णाचं म्हणणं असं की छातीत उजवीकडे टोचतं. रुग्णाचं म्हणणं असं की जिना चढताना दम लागतो. दिवसाला तीस-चाळीस माणसांचं दुखणं कानातून येतं आणि बोटांतून निघून जातं, मधे कुठं थांबत नाही. थांबलं तर काम कसं व्हायचं? प्रत्येक कागदाच्या तळाशी टाइप करणारीची खूण. आक्काची खूण १. तिची ४. मधल्या दोन आणि तीन केव्हाच दुसरीकडे निघून गेल्या. त्यांच्या टेबलांवर आता प्रिंटर आणि एक मरायला टेकलेलं झाड आहे.

चिमणी हे नाव आक्कानंच ठेवलेलं. पहिल्या दिवशी ती दोन बोटांनी टाइप करत होती, टिपूक टिपूक, आणि आक्का मागे येऊन उभी राहिली होती. "दाणे टिपायला आलीस का बाई? दहा बोटं दिलीत, आठांना काय घरी ठेवून आलीस?" मग हातांवर स्वतःचा रुमाल पसरला होता, बघू नये म्हणून. त्या रुमालाखाली तिची बोटं अंधारात रस्ता शिकली. कुठं बसायचं, कुठं वळायचं, वाक्य संपलं की पूर्णविरामानंतर अंगठ्यानं दोनदा जागा सोडायची. "एकदा पुरते की आक्का." "तुला पुरते. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला नको? माणसाचं दुखणं आहे ते, घाईघाईनं ओतू नये." आणि काम रंगात आलं की आक्का स्वतःशी दोन ओळी गुणगुणायची, बटणांच्या ठेक्यावर, स्वतःच जुळवलेल्या:

उजवा माझा हात, घरातला कर्ता बाई
डावा राबतो मागं, त्याचं नाव कुठं नाही

मग ते गुणगुणणं कधी थांबलं? दोन वर्षं झाली असतील. आधी अंगठा, मग त्याच्या शेजारची दोन बोटं. एका दुपारी, खोलीत दुसरं कुणी नसताना, आक्कानं सगळं सांगितलं होतं, अगदी बारीकसारीक, जणू खूप दिवस मनात जुळवून ठेवलेलं: पहाटे हात दुसऱ्याचाच वाटतो गं. उशाशी कुणीतरी स्वतःचा हात विसरून गेलंय असा. मग तो झटकायचा, झटकायचा, की मुंग्या येतात. मुंग्या आल्या की बरं वाटतं, चला, आपलाच आहे म्हणायचा. कप उचलला की बोटांना कळतच नाही धरलाय की सुटलाय, डोळ्यांना विचारावं लागतं. आणि शेवटी: "कुणाला बोलायचं नाही हं. दुखतं म्हटलं की खुर्ची गेली. शपथ आहे."

ती बोलली नाही. तेवढं खरं. म्हणजे… आक्काचं म्हणून बोलली नाही.

साहेब दारातून डोकावले. आत यायची त्यांना सवय नव्हती. अर्धं अंग बाहेर ठेवूनच बोलायचे.

"चार वाजता त्या बाई येतील. फरक पडला असं स्पष्ट सांगा, म्हणजे तुमच्या नावावर कायमचा करून टाकू. आणि आक्का… पहिल्या तारखेचं ध्यानात आहे ना? तळघराची किल्ली शिपायाकडे ठेवली आहे."

"आहे की ध्यानात. बरं झालं साहेब, इथं उकडतंच फार."

साहेब हसले, दार लागलं. कपाळावरची रेघ हलली नाही.

भिंतीवर यादी होती, दर महिन्याला कुणी किती ओळी टाइप केल्या त्याची. त्या यादीत आक्का वर्षभर खाली खाली येत गेली होती. म्हणून तळघर. तळघरात जुन्या फायलींची कपाटं, छतापर्यंत. त्या फायली काढायच्या, लावायच्या. ज्या हाताला कप धरलाय की सुटलाय ते कळत नाही त्या हातानं.

तिनं हेडफोन चढवले. पेडल दाबलं. एका मुलाच्या गुडघ्याची हकिकत सुरू झाली आणि बोटं चालू लागली, हलकी, बिनबोभाट. हेच तर. हेच तर सहन होत नव्हतं. खांदे उघडलेले, कोपर बरगड्यांशी सैल, मनगट सरळ, कुठं काही ओढत नाही, रुतत नाही. संध्याकाळी उठताना मान वळवून बघितली तरी वळते. इतकं सुख हातांना मिळू शकतं हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि ज्या क्षणी ठाऊक झालं त्या क्षणापासून ते सुख उसन्या साडीसारखं अंगावर वागवावं लागत होतं. डाग पडू नये, आणि मालकिणीला दिसूही नये.

तो दिवस… तीन महिन्यांपूर्वीचा. हातांच्या बाई आल्या होत्या, कर्मचाऱ्यांची मनगटं-बोटं तपासायला, हसऱ्या, गोल चष्म्याच्या, पिशवीत कोन मोजायचं पारदर्शक पातं. एकच कीबोर्ड मंजूर झालाय म्हणाल्या. ज्यांना जास्त त्रास त्यांना देऊ, तीन महिने वापरून बघू. आधी आक्काला विचारलं. आक्का म्हणाली, "मला काय धाड भरलीये? जुनं हाड आहे." आणि हात पदराखाली घेतला. मग बाई तिला शेजारच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या, तिचा हात स्वतःच्या हातात धरला आणि विचारलं, "सांगा. कुठं दुखतं?"

किती हळू विचारलं होतं.

मी खोटं बोलायचं ठरवून गेले नव्हते, असं ती रोज स्वतःला सांगते. रोज, हात धुताना. माझं दुखत होतंच की थोडं. संध्याकाळी मनगट अवघडायचं. कोमट पाण्यात भांडी घासली की मोकळं व्हायचं. एवढंच. एवढंसं. पण "थोडं अवघडतं" हे शब्द ओठांपर्यंत आले आणि इतके फाटके वाटले! समोर एक बाई हात हातात घेऊन बसलेली, कागदावर पेन टेकवून थांबलेली, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलेलं. नवऱ्यानं नाही, आईनं नाही, कुणीच नाही. सगळ्या जगाचं दुखणं माझ्या कानात, आणि माझं कुठं दुखतं म्हणून कुणाला पडलेली नाही. आता "थोडं अवघडतं" म्हटलं तर ती "बरं" म्हणणार, हात सोडणार आणि उठणार.

आणि मग तोंड उघडलं. जे शब्द तयार होते तेच आले. बावीस वर्षं दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं पोचवायचाच धंदा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पहाटे हात दुसऱ्याचाच वाटतो. उशाशी कुणीतरी हात विसरून गेलंय असा… मुंग्या आल्या की बरं वाटतं. कपाचंसुद्धा सांगितलं. डोळ्यांना विचारावं लागतं, तेही. फक्त सुरुवातीचं "रुग्णाचं म्हणणं असं की" तेवढं गाळलं.

"इतकं नेमकं कुणी सांगत नाही हो," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की चष्म्यावर उजेड पडला होता, कोण जाणे.

कीबोर्ड आला त्या दिवशी तिनं घरी फोटो दाखवला तर नवरा म्हणाला, "दोन तुकडे? आणताना पडला वाटतं." मग स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. तिलाही हसू आलं होतं. पहिले पंधरा दिवस तर हसण्यावारीच गेले. अक्षरं त्याच जागी, पण जागाच दुरावलेल्या. 'व' हे बटण डाव्या तुकड्यात गेलेलं, आणि ती बावीस वर्षं ते उजव्या बोटानं दाबत आलेली, हे तिला तोवर माहीतच नव्हतं. प्रत्येक 'व' ला उजवं बोट उडी मारायचं आणि मधल्या रिकाम्या जागेत आपटायचं. एकदा सरळ चहाच्या कपात. "बुडाली गं चिमणी," आक्का ओरडली होती.

'व' डाव्याचा होता. पहिल्यापासून डाव्याचाच. उजव्यानं तो लाटलेला होता, आणि कुणी बोललं नव्हतं, कारण तुकडा एकच असताना कुणाचं काय ते दिसतच नाही.

हळूहळू डावं बोट शिकलं. डावा अंगठा, जो इतकी वर्षं नुसता बसून खात होता, तो कामाला लागला. जागा सोडायचं काम त्यानं उचललं. वेग परत आला, मग वाढला. संध्याकाळचं अवघडणं आठवायलासुद्धा उरलं नाही. आणि तेव्हापासून ते दुसरं सुरू झालं. पहाटे जाग आली की ती पांघरुणात हात चाचपते. बधिर आहे का? बोटं मिटून, उघडून. नाही. एकही मुंगी नाही. असती तर! एकदा हात अंगाखाली दबून खरंच मेल्यासारखा झाला होता, तर तिला इतकं हायसं वाटलं, इतकं, की डोळे भरून आले. दोन मिनिटांत रक्त फिरलं आणि हात पुन्हा तिचा झाला. तिचा, धडधाकट, नालायक.

म्हणून मग ते रेकॉर्डिंग. साहेबांनी तळघराचं पहिल्यांदा काढलं त्या आठवड्यात. सामायिक यादीतून आक्काच्या वाट्याची चार-पाच रेकॉर्डिंग ती गुपचूप उचलायची, जेवायच्या सुट्टीत, नाहीतर सकाळी लवकर येऊन; टाइप करायची आणि तळाशी ४ च्या ऐवजी १ टाकायची. आक्काचा आकडा थोडा सावरला. तळघर टळण्याइतका नाही. पण रात्री झोप लागण्याइतका… तेवढाही नाही. तिचं दुखणं माझ्या नावावर, माझं काम तिच्या नावावर. फिटंफाट, असं एकदा मनात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली. हे काय, अशानं फिटतं का?

जेवायच्या सुट्टीत आक्का डबा घेऊन तिच्या बाजूला आली. झाकण उघडेना. ती न बोलता हात पुढे करून झाकण फिरवून देते, आक्का न बोलता घेते, हे रोजचं. आज आक्कानं डबा परत घेतला, पण घास घेतला नाही.

"एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा की."

"माझ्या नावाखाली कोण टाइप करतंय?"

तिनं उचललेला घास परत डब्यात ठेवला.

"अगं, बघतेस काय अशी? हात गेलेत माझे, डोळे नाही गेले. काल मागचे कागद काढून बसले होते. म्हटलं, एवढं काम मी केलं कधी? तर पूर्णविरामापुढे जागा एकच. मी मेले तरी एक सोडायची नाही. आणि तूही कधी सोडत नव्हतीस, हा कलिंगडासारखा कापलेला यायच्या आधी." आक्कानं कीबोर्डाकडे हनुवटी उडवली. "नवा अंगठा, नवी खोड. हो ना?"

तिनं मान हलवली. अंगठ्यानंच चहाडी केली होती. डाव्या.

"साहेबांना सांगायला पाहिजे होतं मी. नाही सांगितलं. तुझी मेहनत माझ्या नावावर खपू दिली, महिनाभर. लाज वाटते, पण खरं सांगू? बरंही वाटलं. कुणीतरी आहे म्हणायचं." आक्का थांबली. उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत राहिली, थंडी वाजल्यासारखी. "आणि ते सुद्धा असल्या हातांनी. तुझ्या."

"माझे हात बरे आहेत, आक्का."

"आता आहेत. मला माहितीये सगळं. त्या दिवशी दार अर्धं उघडं होतं. मी मुद्दाम नाही ऐकलं हं, कागद आणायला उठले होते." आक्काचा आवाज खाली आला. "तू बाईंना सांगत होतीस. पहाटेचं. कपाचं. शब्द न् शब्द माझ्यासारखं! म्हटलं, हिलाही? आणि मी हिच्यापाशीच माझी रड गात बसले होते, आणि ही बापडी ऐकून घेत होती, स्वतःचं एक अक्षर न काढता."

"आक्का—"

"बोलू दे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मनगट टेकवून टाइप करायची खोड माझी. तीच तुला लावली. रुमाल टाकून, प्रेमानं. पोरीचे हात मी खाल्ले गं." आक्कानं डोळे पुसले ते मनगटाच्या मागच्या बाजूनं, बोटांवर भरवसा नव्हता. "दुपारी त्या बाईंकडे परत जाणार होते मी. खरंच. म्हणणार होते, बाई, मघाशी खोटं बोलले, माझे हात बघा. पण तुझं ऐकलं आणि म्हटलं, एकच आहे ना? पोरीला मिळू दे. तिला अजून वीस वर्षं काढायचीत. माझं काय, तळघरात पण बसायला स्टूल असतंच."

मग आक्का हसली, डब्याचं झाकण वाजवलं, म्हणाली, "जेव. गार झालं," आणि उठून आपल्या पडद्याआड गेली.

ती बोलायला हवी होती. तिथंच. वाटलं, आता सांगणं म्हणजे आक्काला तळघरापासून वाचवणं नाही फक्त; तीन महिने तिनं जे वाहिलं, अपराध म्हणून आणि वर माया म्हणून, ते सगळं पोकळ होतं असं तिच्या तोंडावर सांगणं. आपण आपल्या ताटातलं उचलून दिलं, एवढं तरी आक्कापाशी आहे. तेही काढून घ्यायचं? चोरी लपवायला माणसाला किती सुंदर कारणं सापडतात! मला तर हवी तेवढी सापडतात. शपथ होती. तिला वाईट वाटेल. साहेब मलाच काढतील, घरात दोन पगारांचं गणित आहे. सगळी खरी. सगळी माझ्याच बाजूची.

दोन वाजले. तिनं काम सुरू केलं आणि बोटं अडखळली. ती हातांकडे बघत होती. बघणं थांबवताच येईना. उजवं बोट पुन्हा 'व' साठी उडालं, तीन महिन्यांनी, आणि मधल्या जागेत त्या घडी घातलेल्या कागदावर जाऊन पडलं. खोडलं. पुन्हा चुकलं. एका म्हातारीच्या पोटात कुठं दुखतं हे लिहायला तिला पाऊण तास लागला. हात लाजला होता. आणि लाजू दे, तिला वाटलं, कधीतरी लाजायला नको?

तीन वाजता तिनं कागद उघडला. पेन घेतलं. आधी कुठे व कसे दुखत होते? पेन टेकवलं, तिथं शाईचा ठिपका झाला, ठिपका वाढत गेला. हातानं लिहायचं म्हटलं की अक्षर आपलंच येतं. इथं रुमाल टाकणारं कुणी नाही. तळाशी ४ नाही, पूर्ण सही.

पावणेचारला बाहेरच्या जिन्यावर साहेबांचा आवाज आला, आणि त्यात मिसळलेलं एक हसू, गोल चष्म्याचं. वर यायला दोन जिने.

ती उठली. कागद तसाच हातात. टेबलांना वळसा घालून पलीकडे जायला पाच पावलं लागतात. बावीस वर्षांत ती किती वेळा गेली असेल, कागद द्यायला, झाकण उघडून द्यायला, पण कायम समोरून. आज ती मागून गेली. आक्काच्या मागे, उजव्या खांद्याच्या थोडी वर, जिथून तो आवाज यायचा तिथं जाऊन उभी राहिली.

इथून आक्काचे हात दिसत होते. किती लहान होते! एकाच सरळ कीबोर्डावर दाटीनं बसलेले, मनगटं बाहेरच्या बाजूला मोडल्यासारखी वळलेली, झिजून अक्षरं पुसून गेलेल्या बटणांवर चुकत, थबकत, पुन्हा रस्ता शोधत. आक्का हातांकडे बघत नव्हती. ताठ मानेनं पडद्याकडे बघत होती, स्वतः शिकवल्याप्रमाणे.

"आक्का."

"थांब गं. एवढं वाक्य पुरं होऊ दे."

ती थांबली. जिन्यावर पावलं वाजत होती. छातीत कुठंतरी एक गाठ होती तिची, इतके महिने तिला ती भीतीच वाटत आलेली; पण भीती तर अशी नसते, भीती मागे ओढते. आणि हे तिला पुढे ढकलत होतं, हळूच, पाठीवर हात ठेवून. आक्काच्या बोटानं पूर्णविराम शोधला, दाबला. मग अंगठा उठला. एकदा. बधिर, जड, तरी पुन्हा उठला… दुसऱ्यांदा.

त्या जागेत ती म्हणाली,

"माझे हात कधी तसे दुखलेच नाहीत, आक्का. त्या बाईंना मी सांगितलं ना, ते सगळं तुमचं होतं."